हातभर अंतराचा चष्मा

सगळं बंद पडलं त्याला आता इतकी वर्षं झाली की माझ्या सुनेला वीज म्हणजे फक्त आभाळातली माहीत आहे. तेव्हा जे वाचलो ते आम्ही या वस्तीत एकत्र आलो आणि पहिल्याच बैठकीत मुकादमाने एकेकाला उभं करून विचारलं, तुला काय येतं? मुकादम हे काही त्याचं नाव नव्हे. तो सगळ्यांना कामं वाटून देतो म्हणून ते चिकटलं. माझी थोरली बहीण, ताई, उभी राहिली आणि म्हणाली, "मी डॉक्टर आहे. ऑपरेशनं करते." तिला लगेच उजवीकडे बसवलं. तिथे गवंडी होता, विहिरी खणणारा होता, शेती कळणारे चौघे होते. मग माझा नवरा उभा राहिला. "मी विमा विकतो," तो म्हणाला. त्या महिन्यात लोक पहिल्यांदाच हसले. त्याला डावीकडे बसवलं.

मी म्हणाले, "मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते."

"शिकवता ते ठीक आहे," मुकादम म्हणाला. "करता काय?"

फळ्यावर मी कुठलंही यंत्र चालवून दाखवलं असतं, पण बंद पडलेला हातपंप समोर ठेवल्यावर मी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि परत आले. मलाही डावीकडे बसवलं. नवरा दोर वळायला शिकला, मी चर खणायला शिकले. शाळा सुरू झाली तेव्हा तिच्यात शेती, बांधकाम आणि औषधपाणी एवढंच ठेवलं. बाकीचं बिनकामाचं. माझं डोकं तापट आहे हे मला मान्य आहे. तो प्रश्न मी त्याला अजून माफ केलेला नाही, आणि तो बरोबर होता म्हणून तर अजिबातच नाही.

ताईचं मात्र चांगलं चाललं होतं. वस्तीतले लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. हाड बसवायचं असो, जखम शिवायची असो, अडलेली बाई सोडवायची असो, सगळे तिच्याच दारात. माझ्या सुनेचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा पोट उघडून तिनेच माझा नातू बाहेर काढला. तो आता चार वर्षांचा आहे आणि माझा एक शब्द ऐकत नाही.

सुनेला पुन्हा दिवस गेले. सातवा सरला तसा एका दुपारी ताईने मला पट्ट्या वाळत घालायच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हिचं या वेळीही पोट उघडावं लागणार," ती म्हणाली.

"मग उघड. एकदा केलंयस की."

"मला दिसत नाही."

मला आधी कळलंच नाही. लांबून कोण येतंय ते ती माझ्याआधी सांगायची. "जवळचं दिसत नाही," ती म्हणाली. "हातातलं. सुई, धागा, कातडीचे पदर. सगळं पुसट होतं. आता मी बोटांनी चाचपून शिवते." हे तिने भाजी निवडताना बोलावं तशा आवाजात सांगितलं. ताई रडत नाही. तिच्या हाताखाली तयार झालेली दाई मागच्या तापात गेली होती. दुसरं कोणी नव्हतं. मुलगा मीठ आणणाऱ्यांबरोबर लांब गेलेला, त्याला विचारायचीही सोय नव्हती.

वाचायचे चष्मे वस्तीत होते की. पण सगळे प्लास्टिकच्या काचांचे. साबण संपल्यापासून आम्ही सगळं राखेने घासतो. भांडी, हात, दात, आणि चष्मेही. स्वच्छतेचा आम्हाला भारी सोस. घासून घासून एकूण एक चष्मे आमचे आम्हीच आंधळे करून टाकले. ताई सगळ्यांत टापटिपीची, म्हणून तिचा सगळ्यांत आधी गेला.

"काच मी करते," मी म्हणाले.

"तू? तुला साधा खिळा ठोकता येत नाही."

"तुला दिसतंय का? नाही ना? मग गप्प बस."

बैठकीत मी चर खणण्यातून सुटी मागितली. सगळ्यांसमोर ताईच्या डोळ्यांचा विषय काढायचा नाही असं तिने बजावलं होतं, म्हणून मी नुसतं म्हणाले, चष्मा करायचाय. मुकादमाने डोकं खाजवलं. कालव्यात गाळ साचला होता, माणसं कमी होती, त्याचंही खोटं नव्हतं.

"मास्तरीणबाई, यापूर्वी तुम्ही चष्मा केलाय?"

"नाही."

"कोणाला करताना पाहिलंय?"

"नाही. पण काचेतून उजेड कसा वळतो ते मला माहीत आहे."

"ते मलाही माहीत आहे. सरळ जातो."

लोक हसले. मी म्हणाले, "सकाळी चर खणीन, दुपारी काच घासीन. वेळ माझा, घाम माझा. तुमचं काय जातंय?" त्याने हात झटकून जा म्हणून खूण केली. नवऱ्यानेही मागून बोट वर केलं आणि आपणही दुपारच्या कामाला असल्याचं जाहीर केलं. विमा विकणाऱ्याला न बोलावता जायची सवय असते.

काच मिळाली ती त्याच्याच जुन्या ऑफिसात. तिसरा मजला, जिन्यात कबुतरांची घाण, खुर्च्यांची लाकडं केव्हाच जळणात गेलेली. पण साहेबाच्या खोलीतलं लोखंडी टेबल तसंच होतं आणि त्यावर बोटाच्या निम्म्या जाडीची काच. "या काचेपलीकडून तो मला वीस वर्षं झापायचा," नवरा म्हणाला आणि काच छातीशी धरून तीन मजले उतरला. वाटेत कोणाच्या हातात देईना.

आधी आम्ही एका गाडीच्या खिडकीची काच घेऊन पाहिली होती. तिला टोक लावलं मात्र, अंगणभर चुरा. ती काच मुद्दाम तशी बनवलेली असते हे मी स्वतः वर्गात सांगत आले होते. सांगणं वेगळं आणि अंगणात बसून चुरा वेचणं वेगळं.

साहेबाची काच मात्र शहाणी निघाली. तांब्याच्या नळीचं तोंड तिच्यावर टेकवायचं, वाळू आणि पाणी घालायचं, आणि नळीला दोरीचा वेढा देऊन ती गरागरा फिरवायची. हळूहळू गोल चकती सुटते. अशा चार चकत्या काढल्या. मग एक चकती खाली चिकटवली, वर दुसरी ठेवली, मध्ये ओली वाळू, आणि घासायला सुरुवात. पुढे, मागे, थोडं वळवून पुन्हा पुढे. वरची काच मध्यभागी खोल होत जाते आणि खालची फुगत जाते. आकार आपोआप गोल येतो, कारण दोन काचा सगळ्या बाजूंनी एकमेकींना चिकटून घासल्या जातील असा तो एकच आकार आहे. एवढं एक मला पक्कं ठाऊक होतं आणि तेवढ्याच बळावर मी बैठकीत फुशारकी मारली होती.

वाळूचं गणित मी चुकत चुकत शिकले. घागरीत वाळू ढवळायची, जाड खाली बसते, मग वरचं गढूळ पाणी दुसऱ्या घागरीत ओतून निवळू द्यायचं, की बारीक मिळते. ते पुन्हा ओतलं की त्याहून बारीक. एक जाड कण जरी बारकीत राहिला तरी काचेवर ओरखडा उठतो आणि मागच्या वाळूपासून पुन्हा सुरुवात. असं इतक्यांदा झालं की शेवटी मी घागरींजवळ नातवाला फिरकू देईना. नवरा घासता घासता विम्याची जुनी भाषणं म्हणायचा. "उद्याचा भरवसा कोणी दिलाय, बाई?" पुढे. "तुमच्या मागे तुमच्या माणसांचं कोण?" मागे. आधी मी त्याला गप्प केलं, मग लक्षात आलं की भाषण चालू असलं की त्याचा हात एकसारखा चालतो. तेव्हापासून बोलू दिलं.

शेवटची चकाकी आणायला अगदी बारीक गंज लागतो, डांबराच्या गोळ्यावर लावून. गंजाला आमच्याकडे तोटा नव्हता.

सुनेला आठवा सरत आला तेव्हा दोन काचा तयार झाल्या. एकीच्या कडेला टवका होता, दुसरीच्या पोटात एक बुडबुडा, पण आरपार स्वच्छ. उन्हात धरली की समोरच्या भिंतीवर सूर्याचा ठिपका पडे, काचेपासून बरोबर पंचवीस सेंटीमीटरवर. मला हवा होता तितकाच. तारेत बसवून, मागे दोरी बांधून मी तो चष्मा ताईच्या नाकावर चढवला आणि माझं जुनं पाठ्यपुस्तक उघडून हातात दिलं. तिने पुस्तक डोळ्यांजवळ घेतलं. मग एक आख्खं पान न अडखळता मोठ्याने वाचलं. सून उभी राहून ऐकत होती. मी सरळ रडले. नवरा तर बाहेर जाऊन चार जणांना सांगूनही आला.

ताई उठली, ऑपरेशनच्या खोलीत गेली. टेबलावर कापडाचे दोन तुकडे कडेला कड लावून ठेवले, सुई घेतली आणि उभी राहिली. थोडं वाकली. आणखी वाकली. शेवटी तिचं नाक कापडाला टेकायला आलं, कोपरं फासळ्यांत दाबली गेली, आणि खिडकीचा सगळा उजेड तिच्या स्वतःच्याच डोक्याने अडवला.

"हे काय केलंस?" ती तशीच वाकून म्हणाली.

"काय झालं? आत्ता तर वाचलंस."

"मी काय हिच्या पोटात बसून पुस्तक वाचणार आहे का?"

मी कपाळाला हात लावला. पंचवीस सेंटीमीटर. माणसाला नीट दिसण्याचं जवळात जवळचं अंतर. दरवर्षी, दर वर्गात, फळ्यावर मोठ्या अक्षरांत मी तेच लिहीत आले. मुलं ते उतरवून घेत आणि परीक्षेत मला परत देत. ताई काम करताना कुठे उभी राहते, तिचा हात कुठे असतो, हे मोजावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. बहीण आहे ती माझी. लहानपणापासून बघतेय तिला. असली चूक गवंड्याने केली नसती, शिंप्याने तर नाहीच नाही. ती करायला माझ्यासारखी शिकवणारीच हवी.

"इतके दिवस वाया," ताई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "आता परत कधी करणार? ही कधीही बाळंत होईल."

मी तिच्यावर ओरडले. काय बोलले ते आठवत नाही, पण बरंच काही. ती उलट ओरडली. सून मधे पडून म्हणाली, "आई, मावशी, तुम्ही दोघी बाहेर जाऊन भांडा, मला आडवं व्हायचंय." तिचे पाय सुजले होते.

मी दोरी आणली. ताईला पुन्हा टेबलाशी उभी केली आणि म्हणाले, "चष्मा काढ. दिसत नाही ते सोड. हाताला सोयीचं पडेल तसं शिव." ती शिवू लागली. मी डोळ्यापासून सुईपर्यंत दोरी धरली आणि गाठ मारली. जवळजवळ दुप्पट भरलं. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, हातभर आणि वर थोडं.

त्या काचा मी पुन्हा समोर घेऊन बसले. बाक फार झाला होता, तो कमी करायचा होता. नवी काच कापून पहिल्यापासून घासायला तेवढाच काळ लागला असता आणि तो माझ्याकडे नव्हता. मला स्वतःचा इतका संताप आला होता की दोन्ही काचा भिंतीवर फोडाव्यात असं वाटलं. त्याच रागात मी वरची चकती खाली आदळली, खालची उचलून वर ठेवली, आणि हात थांबला. वरची काच खोल होते. फुगलेली वर ठेवली तर तिचं पोट बसत जाईल. तीच काच मागे आणता येईल. हे कुठल्या पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही, पण डोळ्यांसमोर दिसत होतं. मी नवऱ्याला हाक मारली. "भाषण सुरू कर."

सकाळचा चर मी सोडला. कोणाला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मुकादम दारात येऊन उभा राहिला. माझे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले, बोटांची कातडी सोललेली.

"चष्मा कोणाला हवाय?" त्याने विचारलं.

"ज्याला हवाय त्याला."

तो वळून गेला. दुसऱ्या दिवशीपासून माझा चर गवंडी खणत होता. मी आभार मानले नाहीत, तशी मी नाहीच.

काच खरखरीत असतानाही ओली केली की थोडा उजेड वाट काढतो. तशी ओली करून मी उन्हात धरायची आणि ठिपका कुठे पडतो ते बघायची. ठिपका नीट पाडायला काच रोज भिंतीपासून आणखी मागे न्यावी लागत होती. ती दोरीच्या गाठीला पोचली तेव्हा बारीक वाळू, मग त्याहून बारीक, मग गंज. दुसऱ्या काचेला चकाकी चढत होती तेव्हा सुनेला कळा सुरू झाल्या. सकाळ होती आणि ऊन चांगलं होतं, हे आमचं नशीब. नवऱ्याने काच अंगरख्याला पुसत तारेत बसवली.

वस्तीसाठी पाला कुटून औषधं करणाऱ्याने गुंगीच्या औषधाचं फडकं सुनेच्या नाकाशी धरलं. मी खिडकीत उभी राहून आरशाने ऊन आत वळवत होते. ताईने चष्मा चढवला, टेबलाशी ताठ उभी राहिली, हात पुढे केले, आणि वाकली नाही. मला एवढंच बघायचं होतं. पण पुढचंही बघावं लागलं.

तिने जुन्या व्रणावरूनच पोट उघडलं. पदरामागून पदर. मग थांबली. मला वाटलं पुन्हा दिसेनासं झालं. माझा आरसा हलला.

"उजेड स्थिर धर," ती म्हणाली. मग अगदी हळू, "हे मी शिवलंय?"

ती बघत होती ते मलाही दिसलं. गर्भाशयावरचे जुने टाके कुठे दूर, कुठे एकावर एक, आणि मधली जागा कागदाइतकी पातळ. आतल्या बाळाचे केस त्यातून जवळजवळ दिसत होते. "आणखी तासभर कळा दिल्या असत्या तर फाटलं असतं," ताई म्हणाली आणि हात आत घातला. मुलगी बाहेर आली, रडली, माझ्या नवऱ्याच्या हातात गेली. त्यानंतर ताईने जे शिवलं ते मी कधीच विसरणार नाही. घाई नाही, चाचपणं नाही. लहान, जवळजवळ, सारखे टाके. मधे एकदा तिने आधीचा एक टाका उसवून पुन्हा घातला. मला वाटलं होतं तो चांगला आहे.

सून वाचली. संध्याकाळी तिने पाणी मागितलं आणि पोरीचं नाक कोणावर गेलंय म्हणून विचारलं. मी बाहेर आले तर ताई पायरीवर बसली होती, चष्मा अजून डोळ्यांवर.

"चार वर्षांपूर्वी मी म्हणायचे, खोलीत उजेड कमी आहे," ती म्हणाली. "उजेड कमी नव्हता. तेव्हापासून किती जणांना शिवलंय मी?"

"झालं ते झालं. आता दिसतंय ना?"

"उद्या बैठकीत सांगते."

"काही सांगू नकोस," मी म्हणाले. मला खरंच भीती वाटली. "लोकांचा विश्वास उडाला तर जातील कुठे? तुझ्याशिवाय आहे कोण?"

"मग काय करू? एकेकाचं फाटेपर्यंत वाट बघू?"

तिने बैठकीत उभं राहून सांगितलं. घसा खाकरला नाही, आवाज खाली आणला नाही. मला काही वर्षं जवळचं दिसत नव्हतं. मी ते लपवलं. त्या काळात ज्यांना मी टाके घातले त्यांनी सकाळपासून माझ्याकडे यावं, मी पुन्हा बघणार आहे.

सकाळी ती व्हरांड्यात पाण्याचं पातेलं उकळत ठेवून बसली. कोणी आलं नाही. ऊन वर आलं तरी नाही. लोक समोरच्या रस्त्याने जात होते आणि पायांकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की हे रागावलेले नाहीत. यांना सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं. मुकादमाचं बोट शिवल्यापासून वाकत नव्हतं. गवंड्याच्या पाठीतून दर थोड्या दिवसांनी पू येत होता. कोणी एका शब्दाने बोललं नव्हतं, कारण एकुलत्या एका डॉक्टरला दुखवून उद्या दाखवायचं कोणाला?

माझा नवरा दोर बाजूला ठेवून उठला. व्हरांड्यात जाऊन त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. पोटरीवरचा तो व्रण दर उन्हाळ्यात उघडायचा. मला सांगायचा, माझी कातडीच तशी आहे. मी विश्वास ठेवला होता.

ताईने हातभर अंतरावरून बघितलं, अंगठ्याने दाबलं. "आत धागा राहिलाय. उघडावं लागेल."

"कधी?"

"आत्ता."

त्याचा चेहरा उतरला, पण तो बसला. "ताई, विमा उतरवू का आधी?" त्याने विचारलं. ताई हसली नाही. तिने सुरी पाण्यातून काढली. रस्त्यावर कोणीतरी थांबलं, मग आणखी कोणी. मुकादम पायरी चढून आला, नवऱ्याच्या मागे उभा राहिला आणि न वाकणारं बोट पुढे धरलं. त्याच्यामागे गवंडी. मग बायका, कडेवर पोरं घेऊन. रांग फाटकाबाहेर गेली.

मी बघत उभी होते. ताईने मान वर केली नाही.

"बघत काय बसलीस?" ती म्हणाली. "हा एकच आहे. हा फुटला तर मी परत आंधळी. जा, दुसरा घासायला घे."